पाऊस आला की घराबाहेर

दोह्यातल्या पहिल्या हिवाळ्यात मला सगळ्यात जास्त भीती कुणाची वाटली असेल, तर आमच्या घरमालकाची. उंच, वाळका म्हातारा. एका डोळ्यात फूल पडलेलं. तळहात दोरखंड ओढून ओढून असे झालेले की बघवत नसे, जणू कुणी चामडं ओलं करून चुरगाळून वाळवलंय. अंगणात समोरासमोर आला तर तो मान वळवून बाजूला व्हायचा, अदबीनेच. पण मला वाटायचं, हा माणूस काहीतरी लपवतोय.

मी रत्नागिरीहून कतारला आले तेव्हा पन्नासचं दशक सरत आलं होतं. आमच्याकडच्या फार थोड्या बायका तेव्हा दोह्यात होत्या. आमचे हे दुखानला तेलाच्या कंपनीत, मालाच्या कोठारावर कारकून होते. गुरुवारी संध्याकाळी ट्रकने यायचे, शुक्रवारी परत जायचे. बाकीचा सगळा आठवडा मी आणि माझं तान्हं बाळ, एका खोलीत. खोली समुद्राजवळच्या जुन्या वस्तीत होती. मधे मातीचं अंगण, एका बाजूला आमची खोली, समोर म्हाताऱ्याची, कोपऱ्यात विहीर आणि शेळ्यांचा गोठा. भिंती समुद्रातल्या दगडाच्या, वरून मातीचा गिलावा. छत सपाट. लाकडाच्या बारीक गोल वाशांवर चटया आणि चटयांवर मातीचा जाड थर. आल्या दिवशीच मी यांना विचारलं होतं, "छताला उतार कसा नाही हो? पाणी जाणार कुठं?" हे हसून म्हणाले, "पाणी आलं तर ना गो! इथं पाऊस म्हणजे दोन शिंतोडे."

पहिली भीती आवाजाची. थंडी पडायला लागली तसं मगरिबच्या, म्हणजे दिवस मावळतानाच्या नमाजानंतर पलीकडच्या बोळातल्या एका मोठ्या खोलीत माणसं जमायची. आधी टाळ्या, मग ढोल, आणि मग एक असा आवाज, की पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी बाळाला छातीशी धरून भिंतीला टेकले. पुष्कळ पुरुष एकदम, छातीच्या तळातून, तोंड मिटून घुमायचे. विहिरीत कुणी जनावर पडलंय आणि ते कण्हतंय, तसं. त्या घुमण्याच्या वर एकच गळा चढत जायचा, उंच, कापणारा. मला वाटलं, कुणीतरी मेलंय.

गुरुवारी यांना सांगितलं, तर हे म्हणाले, "अगो, गाणी आहेत ती. मोती काढायला जायची ना गलबतं, त्यांवरची. आणि वरचा तो गळा आपल्या म्हाताऱ्याचा. गलबतावरचा गवई होता तो. तो गायचा तेव्हा खलाशी वल्ही मारायचे, शीड ओढायचे. आता मोत्यांचा धंदा बसला, म्हणून लग्नात गातो, नाहीतर थंडीत असे जमून गातात."

"गाणी अशी असतात? माणूस मरताना असं कण्हतो."

"असेल," हे म्हणाले. "पाण्याखाली माणसं सोडून वर बसून गायचं म्हणजे कसं गाणार?"

त्या उत्तराने माझी भीती कमी झाली नाही.

म्हाताऱ्याच्या घरात तो आणि त्याची नात, एवढीच दोघं. नात सहा-सात वर्षांची असेल, चपळ, मोठ्या डोळ्यांची. त्याला ती 'यद्दी' म्हणायची, म्हणजे आजोबा. तिचा बाप कुवेतला कामाला होता; आईचं नाव कुणी काढत नसे. थंडीतली सकाळ उजाडली की म्हातारा पूर्वेकडे तोंड करून, भिंतीला पाठ लावून उन्हात बसायचा. शेगडीत कोळसे, त्यावर कॉफीची किटली. नातीला पुढ्यात बसवून त्या चिरफाळलेल्या हातांनी तिच्या केसांना तेल लावायचा, वेण्या घालायचा. त्याचे खडबडीत तळवे केसांत अडकायचे, ती ओरडायची, तो पुटपुटत पुन्हा सुरू करायचा. मग ढोल बाहेर काढायचा. एक मोठा, एक हातात मावणारा लहान, त्याला तो मिरवास म्हणायचा. समुद्रावरच्या दमट हवेने कातडं सैल पडतं, म्हणून शेगडीवर धरून शेकायचा आणि बोटाने टिचकी मारून ऐकायचा. पुन्हा शेकायचा, पुन्हा ऐकायचा. मी दाराच्या फटीतून बघत असे. बाहेर मात्र जात नसे.

पुढे थंडी वाढली तसा त्याचा घसा बसला. खोकायचा, मधेच छाती धरून वाकायचा. हकिमाने गाण्याला मनाई केली होती म्हणे. संध्याकाळी तो त्या मोठ्या खोलीत जायचा, पण वरचा गळा ऐकू यायचा नाही, नुसता ढोल.

दुसरी भीती पावलांची. एका दुपारी बाळाला पाजत होते, तर डोक्यावर धप धप आवाज. कुणीतरी छतावर चालत होतं. चटयांतून माती गळली, बाळाच्या कपाळावर पडली. घरात पुरुष नाही, दाराला साधी कडी. मी विळी जवळ ओढली आणि तिच्या पात्यावर हात ठेवून बसून राहिले. पावलं या कडेकडून त्या कडेकडे जायची, थांबायची, मग ठोकल्यासारखा आवाज. बऱ्याच वेळाने ती उतरली. फटीतून पाहिलं तर म्हातारा शिडीवरून खाली येत होता, गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेला, आणि नात घमेल्यात गवत मिसळलेली माती कालवत होती.

यांना सांगितलं तेव्हा यांनी त्याला विचारलं. म्हाताऱ्याला हिंदी येत असे, मुंबईच्या गोदीत शिकलेली, मोडकी. तो म्हणाला, उत्तरेकडे ढग दिसला, म्हणून छत दुरुस्त केलं.

"एक ढग दिसला म्हणून?" मी म्हणाले. आमच्याकडे चार महिने आभाळ फाटतं. मला हसू आलं. त्या हिवाळ्यात मी एवढ्याच एका गोष्टीला हसले असेन.

ढग मात्र दर थोड्या दिवसांनी यायचे, आणि आभाळ जरा गढुळलं की म्हाताऱ्याचा चेहरा बदलायचा. कॉफी तशीच राहायची. नातीला हाक मारून जवळ बसवायचा. पुन्हा छतावर चढायचा, पन्हळीतला कचरा काढायचा, भिंतीला कान लावून हाताने थापटायचा. एवढा उंच माणूस, समुद्रावर जन्म काढलेला, आणि ढगाला भितो. मला त्याचीच भीती जास्त वाटायला लागली. भित्रा माणूस काय करील सांगता येत नाही, असं माझी आई म्हणायची.

पाऊस आला तो शनिवारी. सकाळपासून वारा पडला होता, समुद्र शिशासारखा. दुपारी जो सुरू झाला तो थांबेना. मला आधी बरंच वाटलं. ओल्या मातीचा वास आला, डोळे भरून आले. बाळाला मात्र आदल्या संध्याकाळपासून ताप होता. अंग तव्यासारखं भाजत होतं, दूध ओढत नव्हतं. मी दार लावून, त्याला गोधडीत गुंडाळून कपाळावर ओल्या फडक्याच्या घड्या ठेवत बसले. रविवारी सकाळी छत एका जागी ठिबकायला लागलं. मी खाली पातेलं ठेवलं. मग दुसऱ्या जागी. दुसरं पातेलं.

तेवढ्यात दार वाजलं.

"बिंती," म्हातारा बाहेरून म्हणाला. बिंती म्हणजे माझी मुलगी. "बाहेर ये. मुलाला घेऊन बाहेर ये."

मी आतूनच म्हणाले, "बाहेर पाऊस आहे. बाळाला ताप आहे."

"पाऊस आहे म्हणूनच. माणूस घरात नाही राहत पावसात."

मला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. पावसात माणसं घरात जातात की घराबाहेर? मी कडी तपासली. तो बोलतच होता, घोगऱ्या, फाटक्या आवाजात. माती पाणी पिते, जड होते, वासे मोडतात, छत बसतं. मैदानात तंबू आहे, सगळी बायकामुलं तिथं आहेत, चल. मला शब्द कळत होते, पण विश्वास बसत नव्हता. परक्या पुरुषाबरोबर, नवरा घरी नसताना, तापलेलं मूल घेऊन भर पावसात मैदानात? "हे आले की जाऊ," मी म्हणाले.

"दुखानचा रस्ता पाण्याखाली आहे. तो नाही येणार."

मी कडी पुन्हा घट्ट दाबली.

मग तो नातीशी अरबीत भराभर काहीतरी बोलला. दारावर बारीक थापा पडल्या. मुलगी होती, तिचं मला भय नव्हतं. मी कडी काढली, तिला आत घेतलं, म्हातारा मागे अंगणात पाठ करून उभा होता. ती चिंब भिजलेली. माझ्या शेजारी बसली, बाळाच्या गालाला बोट लावलं, हसली. पातेलं भरलं म्हणून मी ते दाराशी ओतायला उठले. वळून बघते तर ती बाळाला गोधडीसकट उचलून माझ्या हाताखालून निघालीसुद्धा. अंगण ओलांडून बोळात पळाली.

मी किंचाळले. पदर कुठं, चप्पल कुठं, काही भान नाही. चिखलातून तिच्या मागे धावले. म्हातारा माझ्या मागे होता. आपलं मूल चोरलं, आता आपल्यालाही पकडतील, एवढंच डोक्यात. बोळातून बाहेर पडले तर समोर उंचवट्याचं मैदान, आणि तिथं शिडाचं जाड कापड खांबांवर ताणून मोठा तंबू केलेला. आत बायका, पोरं, शेळ्या, शेगड्यांचा धूर. माझं बाळ एका आजीबाईच्या मांडीवर. तिने त्याला कोरड्या लोकरीत गुंडाळलं होतं. मी त्याला हिसकावून घेतलं आणि त्या मुलीच्या अंगावर ओरडले, मराठीत, तोंडाला येईल ते. ती आजोबांच्या मागे लपली. म्हातारा कापडाच्या कडेशी, अर्धा पावसात, पुरुषांच्या बाजूला जाऊन बसला.

तो सगळा दिवस मी त्याच्याकडे बघितलं नाही. बाळाचा श्वास मोजत बसले. बायका बाळासाठी काहीतरी आणून द्यायच्या, मला कळायचं नाही काय आहे, मी भीत भीत एकेक थेंब त्याच्या ओठावर लावायची. आमची खोली तिथून दिसत होती. उभी होती, जशीच्या तशी. मनात आलं, उगीच आपल्याला बाहेर काढलं. आता मुलाला काही झालं तर या म्हाताऱ्याला मी काय करीन मलाच माहीत नाही.

संध्याकाळ व्हायच्या आत आवाज आला. फार मोठा नाही. धान्याचं पोतं टाकावं तसा. सगळ्या बायका एकदम उभ्या राहिल्या. म्हाताऱ्याच्या खोलीचं छत खाली बसलं होतं. दार उभं होतं, भिंती उभ्या होत्या, मधे नुसता चिखलाचा ढीग. आत त्याचे ढोल होते.

तो उठलाही नाही. नातीला त्याने अंगाशी घेतलं आणि तिचे डोळे हाताने झाकले. ती मुलगी थरथर कापत होती, थंडीने नव्हे.

बाळाला लोकरीत गुंडाळणारी ती आजीबाई, तिलाही थोडी हिंदी येत होती. तिने खुणा करत, शब्द शोधत सांगितलं. चार-पाच हिवाळ्यांपूर्वी असाच पाऊस. म्हातारा कुणाच्या लग्नात गायला गेला होता. लेक आणि नात घरात झोपलेल्या. परत आला तर छत खाली. लोकांनी हातांनी चिखल उपसला. नात वाशाच्या आडोशाला सापडली, जिवंत. लेक सापडली, ती तशी नाही. "तेव्हापासून तो पावसात घरात राहत नाही," ती म्हणाली, "आणि दुसऱ्याला राहू देत नाही."

मी बाळाला घेऊन उठले आणि त्या मुलीपाशी जाऊन बसले. मला तिच्याशी बोलता येईना. नुसता तिचा हात धरला. तो बर्फासारखा होता.

सोमवारी ऊन पडलं. असं लख्ख, की आदल्या दिवसाचं सगळं खोटं वाटावं. बाळाला पहाटे घाम फुटला, ताप उतरला, त्याने दूध ओढलं. माझ्या जिवात जीव आला. लंगोट एकही कोरडा नव्हता. बाळाचे कपडे, यांनी दिलेली औषधाची बाटली, सगळं खोलीत. आणि खोली तर उभीच होती. पाऊस थांबला म्हणजे धोका संपला, असं मी कोकणातल्या अकलेने समजले. बाळाला आजीबाईकडे देऊन मी अंगणात गेले. म्हातारा पलीकडे आपल्या पडक्या खोलीच्या तोंडाशी वाकून काहीतरी ओढत होता. पाठमोरा. मी दार ढकललं. ते फुगून बसलं होतं, खांद्याने रेटलं, उघडलं. एक पाय उंबऱ्याच्या आत टाकला.

आणि तो आवाज आला.

शब्द काय होता मला आजही माहीत नाही. बहुधा काही शब्दच नव्हता. थंडीच्या सुरुवातीला मी ज्या गळ्याला भ्याले होते तोच गळा, सगळ्या ताकदीनिशी, अंगणाच्या त्या टोकाकडून. वादळात गलबताच्या या टोकाकडून त्या टोकाला पोचवायचा तसा. माझं अंग जागच्या जागी थिजलं. मग पाय आपोआप मागे आला. मी वळले, त्याच्याकडे बघायला, आणि माझ्या पाठीमागे सगळं छत एकदम खाली आलं. चिखलाचा फवारा मानेपर्यंत उडाला. दाराची चौकट माझ्या कोपराला लागून गेली.

मी तिथंच बसले. म्हातारा धावत आला, पण जवळ येऊन थांबला, हात लावू की नको अशा घोटाळ्यात. त्याने तोंड उघडलं, काही बोलायला. आवाज फुटेना. नुसती हवा. गळ्याशी हात धरून तो खोकत राहिला आणि हाताच्या पाठीवर रक्त दिसलं.

हे मंगळवारी आले, चिखलात रुतलेला ट्रक ढकलत. अंगणात शिरले आणि आमच्या खोलीच्या जागी तो ढीग बघून जमिनीवर बसले. कुणी काही सांगायच्या आत त्यांनी मनात काय काय पाहिलं असेल! नात धावत गेली, बाही ओढून त्यांना मैदानात घेऊन आली. मला आणि बाळाला बघून त्यांनी डोळे पुसले. मग म्हाताऱ्यासमोर जाऊन त्याचे दोन्ही हात धरले. म्हातारा मान हलवत राहिला. त्याला बोलता येतच नव्हतं.

तो आवाज परत आला नाही. पुढे बोलण्यापुरता आला, तोही फाटका. एका सकाळी आम्ही नव्या भाड्याच्या खोलीकडे निघण्याआधी मी त्याला बघितलं. पडक्या भिंतीशी उन्हात बसला होता. ढोल सगळे चिखलात कुजले होते. लोकांनी पाण्याचं रिकामं मडकं आणून दिलं होतं, त्याच्या तोंडावर तळहात मारून तो ताल धरत होता. आजूबाजूला कुणी नाही असं बघून त्याने डोळे मिटले आणि सूर लावला. पहिला निघाला. दुसऱ्यावर गळा तुटला. त्याने पुन्हा लावला, पुन्हा तुटला. मग त्याने मडकं बाजूला ठेवलं आणि शेगडीतले कोळसे हलवत बसला. मी अंगणाच्या दाराआड उभी राहून रडले. माझ्यामुळे गेला हा गळा, असं वाटलं. हे मी यांच्याकरवी त्याला कळवलं तेव्हा तो यांना म्हणाला, "मागच्या वेळी मी गात होतो आणि छत पडलं. या वेळी गळा कामी आला. खलास."

पुढे साठच्या दशकात गाव भराभर बदललं. सिमेंटची घरं उठली. म्हाताऱ्याचा जावई कुवेतहून परत आला, त्याने ठोकळ्यांचं घर बांधलं, पक्क्या छताचं. नात शाळेत जायला लागली. थंडीत मी महिन्यातून एखाद वेळ सांदणं करून न्यायची. म्हाताऱ्याला दात राहिले नव्हते, त्याला ती मऊ म्हणून आवडायची. संध्याकाळी माणसं अजून जमायची. वरचा गळा आता दुसऱ्या कुणाचा होता. तो मधे बसून हाताने ताल द्यायचा, चुकलेल्याकडे नुसता बघायचा.

एकदा अशीच गेले असताना दुपारी पाऊस आला. म्हातारा कॉफीचा पेला ठेवून उठला आणि दाराकडे चालू लागला. मीही उठले. माझा मुलगा तेव्हा शाळेत जाणारा, तो अरबीत नातीला काहीतरी म्हणाला आणि दोघं हसली.

"यद्दी, हे सिमेंट आहे," ती म्हणाली. "काही होत नाही."

"असू दे," म्हातारा म्हणाला, आणि अंगणात जाऊन उभा राहिला. नात कपाळाला हात लावून आमच्याकडे बघत होती. मी पदर डोक्यावरून ओढला, मुलाचा दंड धरला, आणि तो कुरकुरत असताना त्याला घेऊन म्हाताऱ्याच्या शेजारी पावसात जाऊन उभी राहिले.